कुंकवात दिसलेली शिट्टी

भंडाऱ्याला नोकरी लागली आणि भाड्याची खोली शोधत मी एका घरासमोर उभी राहिले, तेव्हा घरमालकांनी माझं नाव, गाव, जात, पगार यांतलं काही म्हणजे काही विचारलं नाही. ते उठले, माझ्या पत्र्याच्या पेटीजवळ आले आणि वाकून तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. मग पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्या स्टीलच्या डब्यावर टकटक केलं आणि तोंड वाकडं केलं.

"पेटी बरी हाय," ते म्हणाले. "डबा मेलेला हाय. राहा."

एवढ्यावर खोली ठरली. मी मूळची अड्याळची, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलेली. घरमालकांना सगळे काकाजी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांची गल्ली पितळेची भांडी घडवणाऱ्यांची. दूधवाला येऊन गेला की पहिला हातोडा पडायचा आणि मग जेवणवेळेपर्यंत पाणी भरायचे गुंड, पातेल्यासारखे गंज, घंगाळं यांची अशी काही ठोकाठोक चालायची की समोरच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. गल्लीतले पुरुष देवळातसुद्धा ओरडून बोलत. मला आधी वाटलं, सगळे भांडखोर आहेत. मग कळलं की हे त्यांचं प्रेमाचं बोलणं आहे. भांडताना ते याहून मोठ्यानं बोलत.

काकाजी जगातल्या प्रत्येक वस्तूवर टकटक करून बघत. टरबुजावर तर सगळेच करतात. हे दारावर, माठावर, बसच्या पत्र्यावर, नव्या पुलाच्या कठड्यावर करत. ताप आला म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर डॉक्टर यांच्या छातीवर टकटक करत होते आणि हे डॉक्टरांच्या टेबलावर. "टेबल पोकळ हाय," असं सांगून औषध घेऊन आले. एकदा आमचे मुख्याध्यापक घरी आले होते. त्यांच्या तुळतुळीत टकलाकडे काकाजींनी ज्या नजरेनं पाहिलं, ती ओळखून मी घाईघाईनं चहा आणून मध्ये धरला.

"आवाज सांगते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भांडं फुटकं असो, माणूस लबाड असो, भाजी शिळी असो, त्यांच्या मते सगळं आवाजात कळतं. स्टीलवर त्यांचा राग होता तो याचमुळे. स्टील बाजारात येऊन त्यांचं गिऱ्हाईक पळवत होतं, हे खरं. पण त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. "ठोकलं तर ओ देत नाई," एवढीच त्यांची तक्रार. आपल्या कानांवर त्यांचा भारी विश्वास होता. कान हीच आपली इस्टेट आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, बारीक चणीच्या, चटपटीत आणि साऱ्या गल्लीत हळू बोलणारं एकमेव माणूस. त्यामुळे काकाजींचा असा पक्का समज होता की आपली बायको फार कमी बोलते. खरं तर काकू दिवसभर बोलत. काकाजींबद्दलच बोलत, त्यांच्या समोरच बोलत. मी मात्र सगळं ऐकत असे आणि माझी करमणूक होई.

तर अशा या माणसाला रेडिओचा नाद लागला. गाणी ऐकायचा नव्हे. एका साहेबाच्या बंगल्यावर गुंड पोचवायला गेले असताना त्यांनी पाहिलं की साहेब खोलीत बसून एका पेटीतून कुठल्याशा बेटावरच्या माणसाशी बोलतो आहे. तिकडे पाऊस आहे का, तू जेवलास का, असं. काकाजींनी विचारलं, हा तुमचा कोण? साहेब म्हणाला, कोणी नाही, आम्ही कधी भेटलोही नाही. हे ऐकून काकाजी गुंड तिथंच ठेवायचा विसरले आणि परत घरी घेऊन आले.

"बाई, पाहा ना," ते मला सांगत, "ना नात्याचा, ना गोत्याचा, अन् इचारते, जेवला का! आपल्या गल्लीत कोन इचारते?"

"मी इचारते दोन टाइम," काकू आतून म्हणाल्या. ते काकाजींना ऐकू गेलं नाही.

साहेबानं त्यांना समजावून दिलं होतं. ऐकायचा सेट स्वतः जुळवता येतो, पण बोलायचं असेल तर सरकारचं लायसन लागतं आणि त्यासाठी नागपूरला परीक्षा द्यावी लागते. एक लेखी पेपर, तोही इंग्रजीत. आणि दुसरी परीक्षा कानाची. यंत्र टिट्-टिट् असे आखूड आणि लांब सूर काढतं, ते ऐकून अक्षरं लिहायची. कानाची परीक्षा म्हटल्यावर काकाजी तिथल्या तिथे पास झाल्यासारखे खूश झाले. पेपर इंग्रजीत असल्यामुळे मी कामी आले. संध्याकाळी मी त्यांना वाक्यं शिकवी आणि ते माझ्या खडूच्या डबीवर टकटक करून बघत.

आखूड-लांब खुणा पाठ करायची त्यांची रीत त्यांचीच. भांड्याचा पत्रा मजबूत व्हावा म्हणून त्यावर हातोड्याचे ओळीनं ठोके घालतात, त्याला मठारणं म्हणतात. काकाजी आता खुणांच्या हिशेबानं मठारू लागले. आखूड ठोका, लांब ठोका, मग जागा सोडायची. त्यातून भांड्यावर अशी काही नक्षी उठायची की गिऱ्हाइकांना ती नवी फॅशन वाटली. सिहोऱ्याच्या एका बाईनं मुलीच्या आंदणाला हीच नक्षी पाहिजे म्हणून हट्ट धरला. तिच्या मुलीच्या संसारात आजही एक गुंड असेल, ज्यावर गळ्यापासून बुडापर्यंत सबंध इंग्रजी वर्णमाला आहे. बिचारीला वाटत असेल, वेलबुट्टी आहे.

ऐकायचा सेट त्यांनी एका पालथ्या कोपरावर जुळवला. कोपर म्हणजे आपली परात. नागपूरला सीताबर्डीच्या दुकानांतून ट्रान्झिस्टर, कंडेन्सर आणि बाकीचे सुटे भाग आणले, कोपराला भोकं पाडून ते बसवले, आणि स्पीकर एका पितळी गंजात आकाशाकडे तोंड करून ठेवला, वर पातळ पितळी पत्र्याचं झाकण. लाकडी खोका त्यांना चालणार नव्हता. लाकूड म्हणे आवाज पिऊन टाकतं.

पहिल्यांदा सेट सुरू केला तेव्हा त्यातून फट् फट् फट् असा आवाज आला, दुसरं काही नाही. काकाजींनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "इंजिन." घरामागे राइस मिल होती, तिचं डिझेल इंजिन असंच वाजायचं. ते तडक मिलवर गेले. हंगाम उन्हाळी धानाचा, दारात पोत्यांच्या बैलबंड्या लागलेल्या.

"तुमचं इंजिन माह्या रेडिओत शिरून राहिलं," त्यांनी मालकाला सांगितलं. "बंद करा."

मिलवाला भला माणूस. शिवाय गल्लीतल्या माणसाशी ओरडण्यात आपण जिंकणार नाही, हे त्याला माहीत असावं. त्यानं इंजिन थांबवलं. काकाजी घरी आले, त्यांच्या मागं मिलवाला आला, त्याच्या मागं धान कांडायला आलेले पाच-सहा जण. सेट अजून फट् फट् करतच होता.

"थंडं व्हायले टाइम लागते," काकाजी म्हणाले.

सगळे वाट बघत उभे राहिले. काकूंनी चहा ठेवला. चहा संपला तरी फटफट संपेना, तेव्हा मिलवाला उठून गेला. खरं कारण काकाजींनी पुढे आपल्या डोक्यानं शोधलं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. सेल दमले होते. आवाज जोरात निघाला की सेलांचा दम जाई, दम गेला की आवाज बसे, आवाज बसला की सेलांना पुन्हा दम येई. त्याचंच ते फट् फट्. सेलांच्या पुढं एक मोठा कंडेन्सर लावला आणि सेट एकदम शहाणा झाला. त्यातून कोणीतरी मद्रासी हेल काढत इंग्रजीत हवापाणी सांगू लागलं. काकाजी मिलवाल्याकडे पेढे घेऊन गेले. त्यानं पेढा खाल्ला, पण त्या दिवशी आपण इंजिन कशासाठी बंद केलं होतं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

"याच कानानं धरला रोग," काकाजी कानाची पाळी ओढून महिनाभर सांगत होते. वास्तविक त्यांच्या कानानं इंजिनाला धरलं होतं. पण मी गप्प बसले, भाडेकरू होते.

सेट चालू लागल्यावर त्यांना त्याच्या पोटातला पसारा बघवेना. तारा इकडून तिकडे लोंबत होत्या. "उघडं काम गिऱ्हाइकाले दाखवू नये," हा त्यांचा धंद्याचा नियम. त्यांनी सगळ्या तारा गोळा केल्या, कोशाच्या रेशमी धाग्यानं बांधून त्यांची अशी देखणी वेणी घातली की काकूंनी बोट लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "माह्या डोक्याले कधी इतकं जपलं नाई."

त्याच दिवसापासून शिट्टी सुरू झाली.

मी वह्या तपासत होते. कानाशी डास आला असं वाटून मी हात झटकला. डास जाईना. एकच एक बारीक सूर, टोकदार, दाढेत शिरणारा. सेट बंद झाला की थांबायचा, सुरू झाला की पुन्हा. काकूंनी कानात कापूस घातला. पलीकडच्या अंगणात निजणारं कुत्रं कायमचं दुसऱ्या गल्लीत राहायला गेलं.

"बंद करा जी ते," काकू म्हणाल्या.

"काय बंद करू?"

"शिट्टी!"

"कोनती शिट्टी?" काकाजींनी झाकणावर कान टेकवला. "बंगालच्या खाडीचं हवापानी लागलं हाय, किती साफ! शिट्टी कायची?"

"काकाजी, मलेबी आयकू येऊन राहिली," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "वह्या तपासून तपासून कान वाजत असन तुमचा."

यावरून घरात जे पेटलं ते आठवडाभर विझेना. काकूंना डोकेदुखी, काकाजींना अपमान. आपल्या कानांना आव्हान दिलं म्हणून ते जेवणावरून उठूनसुद्धा गेले. अखेर एका रविवारी त्यांनी गल्लीचा कौल घ्यायचं ठरवलं. सेट ओसरीवर आणला आणि पुरुषांना बोलावलं. एकेक जण यायचा, गंजावर कान टेकवायचा, गंभीर चेहरा करून ऐकायचा आणि मान हलवायचा. "नाई जी. काई नाई." गल्लीतले सर्वांत वयोवृद्ध कारागीर दोन्ही कान आळीपाळीनं लावून बराच वेळ बसले. मला वाटलं, झोपले. मग त्यांनी निकाल दिला, "शिट्टी नाई. बायाईचे कान नाजूक. नसलेलंबी आयकतेत."

आणि समोर, दारादारांत, गल्लीतल्या झाडून साऱ्या बाया पदरानं कान झाकून उभ्या होत्या.

एक तरी पुरुष फुटावा, म्हणून मी वाट पाहिली. एकही फुटला नाही. सगळे अगदी प्रामाणिक होते, हीच त्यातली गंमत. घरोघर नवराबायकोत बोलणं बंद झालं. काकू माझ्याजवळ म्हणाल्या, "बाई, मले बाकी काई नको. एक डाव यानं आपल्या तोंडानं म्हनावं, का तुह्ये कान बरोबर हायेत. मंग वाजू दे जलमभर."

तो दिवस लवकर येईलसं दिसेना. मध्ये दसरा आला. त्या दिवशी गल्लीत हातोडे बंद. हातोडे, ऐरणी, कात्र्या धुऊन पाटावर मांडतात आणि त्यांची पूजा करतात. काकाजींनी सेटही हत्यारांच्या रांगेत ठेवला, आणि देवाच्या दिवशी मुका कसा ठेवायचा, म्हणून चालू करून ठेवला. काकू रांगेनं हळदकुंकू वाहत आल्या. हातोडा झाला, ऐरण झाली. सेटपाशी त्या जरा थांबल्या, दात आवळले, आणि गंजाच्या झाकणावर चिमूटभर कुंकू टाकलं.

कुंकू चालू लागलं.

खरंच सांगते, मी समोर होते. झाकणावरचं कुंकू आपोआप सरकलं, पांगलं आणि बघता बघता त्याच्या बारीक रेघा झाल्या, एकात एक कडी घातल्यासारख्या. काकूंच्या हातून तबक पडलं. "माय वं! देवी आली!" त्या ओरडल्या, आणि त्या दिवशी मात्र त्यांचं ओरडणं साऱ्या गल्लीला ऐकू गेलं. बाया धावत आल्या. कुणी नारळ आणला, कुणी खणाची ओटी. एकीनं तर कोपरासमोर लोटांगण घातलं. इतके दिवस जिनं डोकं उठवलं, ती शिट्टी देवीचीच होती, हे त्यांनी क्षणात मान्य केलं.

काकाजींनी सेट बंद केला. कुंकू थांबलं. त्यांनी झाकण पुसून नवं कुंकू टाकलं आणि सेट चालू केला. कुंकू पुन्हा रेघा काढू लागलं. बंद, थांबलं. चालू, चाललं. ते बराच वेळ तेच करत राहिले. गल्लीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि एकेक करून माणसं घरी गेली. नारळ तेवढा राहिला.

संध्याकाळी मी आपट्याची पानं द्यायला गेले, तर ते अंधारत्या ओसरीवर एकटेच बसले होते.

"शिट्टी हाय, बाई," ते म्हणाले.

"आयकू आली?"

"नाई. दिसली."

इतक्या वर्षांच्या ठोकाठोकीनं त्यांच्या कानातला तेवढाच बारीक सूर खाऊन टाकला होता. जाड आवाज सगळे ऐकू येत, बारीक येत नसत. आणि गल्लीतल्या सगळ्या कारागिरांचं तसंच झालं होतं. हे त्यांनी माझ्या आधी ओळखलं होतं. मला वाईट वाटलं, फारच वाटलं. ज्या माणसानं सगळी भिस्त कानावर ठेवली, त्याच्या कानानंच त्याला दगा दिला होता.

"घरात सांगू नका," ते म्हणाले. "अन् कोनालेबी नका सांगू. परीक्षा कानाची हाय. ज्याले आयकू येत नाई, त्याले लायसन कोन देईन?"

त्यानंतर त्यांनी शिट्टीचा शोध लावायचं मनावर घेतलं, पण काकूंना विचारून नव्हे. "गेली का?" एवढं विचारलं असतं तर काकूंनी जागच्या जागी सांगितलं असतं. ते झाकणावर कुंकू टाकत, कोपराखाली काहीतरी हलवत आणि कुंकवाकडे बघत बसत. काकू शेजारी तांदूळ निवडत, कापसाचे बोळे कानात, ओठ घट्ट मिटलेले. करंडा रिकामा झाला. दुसरा आणला, तोही संपत आला.

"कपायाले लावाले चिमूट नाई ठेवली," काकू मला म्हणाल्या, "पन तोंडानं इचारन तर शपथ."

कंडेन्सर बदलून झाले, सेल बदलून झाले. कुंकू चालतच राहिलं. शेवटी एके दिवशी त्यांनी वेणीला हात घातला, तोही नाइलाजानं. एक तार धाग्यातून सोडवून बाजूला केली आणि कुंकवाच्या रेघा विस्कटल्या. झालं होतं असं की स्पीकरकडे जाणारी तार आणि अगदी सुरुवातीच्या ट्रान्झिस्टरकडे येणारी तार त्या सुंदर वेणीत एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. बाहेर पडणारा आवाज शेजारणीच्या कानात शिरायचा, ती तो पुन्हा आत नेऊन द्यायची, तो आणखी मोठा होऊन बाहेर यायचा. त्या फिरत्या आवाजाची ती शिट्टी. काकाजींनी जड हातानं सगळी वेणी सोडली. तारा पुन्हा लोंबू लागल्या, आणि कुंकू जिथं टाकलं तिथं पडून राहिलं.

काकूंनी कानातले बोळे काढले. आणि त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. काकाजी कोपराच्या त्या गबाळ्या पोटाकडे बघत होते.

आता उरली परीक्षा. घरी सरावासाठी काकाजींनी केलेला भोंगा जाड सुराचा होता, बैल हंबरल्यासारखा. त्यावर ते एक अक्षर चुकत नसत. पण नागपूरच्या यंत्राचा सूर कसा असेल, हे कुणालाच माहीत नव्हतं आणि विचारायला जावं तर शंका येणार. त्या काळजीनं त्यांची टकटकसुद्धा कमी झाली.

परीक्षेला नागपूरला आम्ही तिघं गेलो. सरकारी कचेरीत काही समजलं नाही तर बाई पाहिजेत, म्हणून मी. आणि दशम्यांचा डबा घेऊन काकू, त्या कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही. उन्हाळ्याचे दिवस. लेखी पेपर सकाळी झाला, तो बरा गेला. दुपारी कानाची परीक्षा. काकू आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. खोलीचं दार उघडं होतं आणि आतलं सगळं दिसत होतं. कॉलेजातली पोरं, त्यांच्यात मधोमध धोतर-टोपीत काकाजी, आणि टेबलावर यंत्राची पेटी घेऊन बसलेले एक तरुण अधिकारी.

अधिकाऱ्यांनी नमुन्यादाखल यंत्र वाजवलं. सूर चिमणीच्या पिलासारखा बारीक. काकूंनी माझा हात घट्ट धरला, तेव्हा मला उमगलं की यांना सगळं माहीत आहे, दसऱ्यापासूनच माहीत आहे.

"सगळ्यांना नीट ऐकू येतंय ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

पोरांनी माना डोलावल्या. काकाजींनी आजूबाजूला पाहिलं. मान डोलावून बसून राहता आलं असतं, कोरा कागद देऊन घरी येता आलं असतं आणि परीक्षा फार अवघड होती असं गल्लीत सांगता आलं असतं. ते उभे राहिले.

"मले नाई येत, साहेब," ते म्हणाले. हळू बोलणं त्यांना जमत नव्हतंच, त्यामुळे सबंध कचेरीनं ऐकलं. "मी पितळ ठोकनारा मानूस हाय. बारीक सूर माह्या कानाले आयकू येत नाई."

इतके महिने काकू अशाच कबुलीची वाट बघत होत्या. मला वाटलं, आता त्यांचा जीव थंड होईल. त्या ताडकन उठल्या, डबा माझ्या मांडीवर टाकला आणि थेट परीक्षेच्या खोलीत शिरल्या.

"कोन म्हनते आयकू येत नाई?" त्या अधिकाऱ्यांवर कडाडल्या. "सारं आयकू येते याईले! माह्याहून जास्ती आयकू येते! तुमची मशीनच बिघडली असन, ते पाहा आधी!"

पोरं हसू लागली. अधिकारी गोंधळून उभे राहिले. "बाई, तुम्ही कोण?"

"मी यायची मंडळी. माह्याहून जास्त कोनाले माहीत? घरी सुई पडली तरी आयकतेत!"

अधिकाऱ्यांनी काकाजींकडे पाहिलं. "मग खरं कुणाचं मानू?"

काकाजी काकूंकडे बघत होते.

"साहेब," ते म्हणाले, "हिचे कान माह्याहून चांगले हायेत. पयल्यापासून बरोबर हायेत. पन आत्ता ही खोटं बोलून राहिली."

खोलीत कुणी हसलं नाही. काकू पदर तोंडाला लावून बाहेर आल्या आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

आत काकाजी विनवत होते. पत्रा कुठं पातळ झाला, हे कारागिराला बोटांनी कळतं. यंत्र वाजलं की पेटी थरथरणारच, मला तिच्यावर हात ठेवू द्या, मी हातानं ओळखतो. अधिकाऱ्यांनी क्षणभर विचार केला. म्हणाले, संदेश लिहून घेता आला पाहिजे, हा नियम आहे. तो कानानंच घ्यावा असं मला कुणी सांगितलेलं नाही. त्यांनी काकाजींसाठी खुर्ची टेबलाजवळ ओढली. काकाजींनी डावा पंजा पेटीवर ठेवला, उजव्या हातात पेन्सिल धरली आणि डोळे मिटले. यंत्र वाजू लागलं. पोरांची तोंडं आक्रसली होती, काकाजींचं शांत होतं. मी दाराशी उभी राहून त्यांची पेन्सिल चालताना बघत होते, आणि माझ्या शाळेतली एखादी मुलगी बोर्डात आली असती तरी मी इतकी रडले नसते. अधिकाऱ्यांनी कागद तिथंच तपासला आणि एकच अक्षर चुकलं आहे, असं सांगून त्यांच्याशी हात मिळवला.

परतीच्या बसमध्ये काकू खिडकीशी बसल्या, मध्ये काकाजी, कडेला मी. मौद्यापर्यंत काकूंची नजर खिडकीबाहेरच होती. काकाजींनी दशमी पुढं केली, ती घेतली नाही. लोकांसमोर खोटारडी म्हटलं, याचा राग असणार, असं मी धरून चालले होते, आणि काकाजीही तेच धरून कानकोंडे झाले होते.

शेवटी तेच म्हणाले, "अवो, रागावली का? खोटं बोलली म्हटलं ते सोड. त्याच्या आंधी काय म्हटलं, ते आयकलं का नाई?"

काकूंनी खिडकीबाहेरची नजर काढली नाही.

"नाई आयकू आलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा म्हना."

काकाजींनी टोपी सारखी केली. आणि मग भंडाऱ्याच्या भरल्या बसमध्ये, ड्रायव्हरनं मागं वळून पाहावं अशा आवाजात, ते म्हणाले, "तुह्ये कान बरोबर हायेत!"

"हं," काकू म्हणाल्या, आणि दशमीसाठी हात पुढं केला.